‘काळी मेहंदी निर्धोक असते’ या संदेशाचा प्रतिवाद

लग्नसराई आली की विदर्भातल्या गावागावांत मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. केसांच्या डायने कर्करोग होतो, म्हणून तो सोडून काळी मेहंदी लावावी. ती झाडपाल्याची असल्यामुळे आधी तपासून पाहण्याची गरज नाही. डायच लावायचा असेल तर अमोनिया नसलेला घ्यावा, त्याने काही होत नाही. आणि घरी उकळलेल्या तेलाने पांढरे केस मुळापासून काळे होतात, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. हा सल्ला मानणाऱ्यांच्या कातडीशी त्याचा संबंध असल्याने त्यातील प्रत्येक विधान तपासणे भाग आहे.

काळ्या मेहंदीबद्दलचे विधान सर्वांत घातक आहे. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते पांढऱ्या केसांना तांबूस-नारिंगी रंग देते. नुसत्या मेहंदीने केस काळे होत नाहीत, मग ती कितीही वेळ ठेवा. आठवडी बाजारात मिळणारी स्वस्त पुडी पाण्यात कालवून लावल्यावर अर्ध्या तासात केस काळेभोर होत असतील, तर तो काळेपणा बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, या रसायनाचा असतो. संदेश ज्या डायला घाबरवतो, त्याच डायमधले हे मुख्य रसायन आहे. वेष्टनावर पुढे हिरव्या पानाचे चित्र आणि मागे, चष्मा लावूनही वाचता येऊ नये अशा अक्षरांत, हे नाव, ही मांडणी मला अप्रामाणिक वाटते. युरोपीय संघाने डोक्यावर प्रत्यक्ष लागणाऱ्या मिश्रणात पीपीडीचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे बंधन घातले आहे. आपल्याकडे ज्या पुडीवर घटकच छापलेले नाहीत, तिच्यात ते किती आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही, म्हणून अशी पुडी घेऊच नये.

चाचणीची गरज नाही, हे म्हणणे तर कायद्यालाच सोडून आहे. पीपीडी असलेल्या डायच्या वेष्टनावर, त्वचेचा दाह होऊ शकतो म्हणून आधी चाचणी घ्यावी आणि भुवया किंवा पापण्यांना हा डाय लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते, अशी सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत देणे भारतातील नियमांनुसार बंधनकारक आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडे मिश्रण लावून किमान २४ तास, आणि जमल्यास ४८ तास, वाट पाहावी. कारण ही ॲलर्जी बरेचदा लगेच दिसत नाही, ती एक-दोन दिवसांनी उमटते. ‘मी वर्षानुवर्षे लावतो, मला काही झाले नाही’ हा पारावर हमखास ऐकू येणारा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही, कारण शरीर हळूहळू संवेदनशील होत जाते आणि अनेकदा लावून सोसलेला डायच एके दिवशी टाळूला खाज, कपाळावर फोड आणि डोळे मिटतील इतकी सूज आणतो. एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. मिशी आणि दाढी रंगवणाऱ्यांनी तर अधिक जपावे.

अमोनियाचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. केसाचे बाहेरचे आवरण सैल करून रंग आत शिरू देणे हे अमोनियाचे मुख्य काम असते. तो काढला तर वास आणि डोळ्यांची चुरचुर कमी होते, पण पीपीडी तसेच राहू शकते.

कर्करोगाबद्दल मात्र संदेश नको तितका घाबरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात, स्वतःच्या केसांना डाय लावणाऱ्यांबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे. अमेरिकेतील १,१७,२०० परिचारिकांची ३६ वर्षांची माहिती २०२० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला आढळला नाही. स्तनाच्या व अंडाशयाच्या काही कर्करोगांत आणि त्वचेच्या एका प्रकारात मात्र किंचित वाढ दिसली. त्याच संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायाला मात्र ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. आपण महिन्यातून एकदा डाय लावतो, पण गावातला सलूनवाला तो रोज उघड्या हातांनी कालवतो. या संदेशात त्याच्याविषयी एक शब्दही नसावा, याचे मला वाईट वाटते. त्याला हातमोजे आणि उघडी खिडकी मिळायलाच हवी.

राहिले घरगुती तेल. केसाचा रंग त्याच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी ठरवतात आणि कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्यामुळे माका, आवळा किंवा जास्वंद घालून उकळलेल्या तेलाने केस मऊ होतील, पण पांढरा केस मुळापासून काळा होतो याला आधार नाही. काही जण या तेलात बिब्बा घालायला सांगतात, आणि ते तर अजिबात करू नये. बिब्बा उतल्यावर कातडीवर कसे फोड येतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असते. तिशीच्या आधीच केस झपाट्याने पिकत असतील, तर तेल बदलण्यापेक्षा बी-१२ आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यावी.

खरा वनस्पतिजन्य पर्याय आहे, फक्त त्याला वेळ लागतो. शुद्ध मेहंदी दोन-तीन तास लावून धुवावी आणि नंतर निळीच्या झाडाच्या पानांची भुकटी कोमट पाण्यात कालवून तासभर लावावी. तांबड्यावर निळा चढून गडद तपकिरी ते काळा रंग येतो आणि तो पुढच्या एक-दोन दिवसांत आणखी गडद होतो. ही भुकटी हिरवट असते. किराणा दुकानातली कपड्यांची नीळ वेगळी, ती डोक्याला लावू नये. आवळ्याची पूड लोखंडी कढईत रात्रभर भिजवली तर तिच्यातील टॅनिन आणि लोह मिळून काळा लेप तयार होतो, त्यानेही केसांवर वरवरची गडद छटा येते. हे पदार्थही आधी हातावर लावून पाहावेत, आणि जन्मतः जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनी, विशेषतः लहान मुलांना, मेहंदी लावू नये, कारण तिच्यामुळे त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात.

डाय लावल्यावर टाळू पेटल्यासारखी झाली, तर ताबडतोब भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने डोके धुवावे, त्यावर हळद, चुना किंवा दुसरे काही चोळू नये, आणि पुडी फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी. ओठ, जीभ किंवा पापण्या सुजू लागल्या, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा लहान मुलाने डाय गिळला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालय गाठावे.