रिपोर्ट नॉर्मल आणण्याची शास्त्रोक्त पद्धत

मुळात तपासणी करायचीच नसते. साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंड ही तिन्ही मंडळी वर्षानुवर्षं बिघडत राहतात आणि दुखत मात्र नाहीत. जे दुखत नाही ते झालेलंच नाही, यावर रामबागेपासून सुदामानगरापर्यंत अख्ख्या इंदूरच्या मराठी समाजाचं एकमत आहे (एरवी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेवरही होत नाही). स्वच्छतेतला पहिला नंबर आपण २०१७ मध्ये मिळवला. गाडीच्या कुठल्या कप्प्यात ओला कचरा आणि कुठल्यात सुका, हे आता शेंबडं पोरही सांगतं. एवढं माहीत असल्यावर स्वतःची उपाशीपोटीची साखर किती, हे आणखी कशाला माहीत हवं?

सरकारला हे पटत नाही. तिशी उलटली की रक्तदाब, साखर, आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग एवढं तपासून घ्या, असं त्याचं म्हणणं. तेही फुकट, म्हणजे आपल्यासाठी नाही. आशाताई फॉर्म घेऊन दारात आल्या तर वय दोन वर्षांनी कमी सांगा, तंबाखूला ‘छे हो’ म्हणा आणि कंबरेला टेप लावताना श्वास आत ओढून धरा. पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांना ८० च्या वर धोक्याचे गुण चढतात. एकूण गुण चारच्या पुढे गेले तर त्या पुन्हा बोलावतात. गुण कमी पडावेत म्हणून धडपडण्याची ही आयुष्यातली एकमेव परीक्षा.

मार्चमध्ये मात्र नाइलाज होतो. जुन्या कर-पद्धतीत आरोग्यविम्याच्या सवलतीखाली तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत दाखवता येतात, रोख दिले तरी चालतात. ते विम्याच्या हप्त्याच्याच मर्यादेत धरतात, हे पावती फाडल्यावर कळतं. ज्यांनी नवी पद्धत घेतली त्यांना ही सवलत नाही, त्यामुळे त्यांची प्रकृती उत्तम असते.

पॅकेज निवडताना आकडा बघा: ६० चाचण्यांपेक्षा ८५ केव्हाही चांगल्या. रक्ताच्या एकाच नळीतून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होते आणि त्याच्या वीसेक ओळी वीसेक चाचण्या म्हणून मोजल्या जातात. कोलेस्टेरॉलची गुणोत्तरं तर नुसता भागाकार असतो. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन यात बहुतेकदा नसतं, आणि मागूही नका. मधुमेह्याचं मूत्रपिंड बिघडायला लागलं की ते लवकर दिसतं. त्यापेक्षा रक्तातलं क्रिएटिनिन बरं, साधारण निम्मं काम बंद पडेपर्यंत ते फारसं हलत नाही.

आता आदली रात्र. साखरेसाठी किमान आठ तास आणि लिपिडसाठी (म्हणजे रक्तातल्या चरबीसाठी) नऊ ते बारा तास पोट रिकामं हवं असतं. सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटली की खाण्याची मांडली जातात. साडेअकराला भुट्ट्याचा कीस, गराडूवर जीरावन, शेवटी रबडी. सकाळी साडेसहाला सुई. ‘काका, उपाशी आहात ना?’ असं विचारलं तर ‘सकाळपासून पोटात काही नाही’ म्हणा. खोटं नाही ते. चहा खाण्यात धरत नाहीत, आणि पोहे तर इंदूरात अन्न म्हणून मोजतच नाहीत.

रबडीचा एक फायदा डॉक्टर सांगत नाहीत. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बऱ्याच लॅबमध्ये मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे खाल्ल्यावर वाढणाऱ्या चरबीचा, पाचवा हिस्सा वजा करायचा. एकूण २२०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड १५० असेल तर एलडीएल येतं १५०. बाकी सगळं तेच ठेवून ट्रायग्लिसराइड ३०० वर नेलं की एलडीएल १२०! रक्तवाहिनीत काडीचा फरक नाही, कागदावर तीस अंक उतरले. फक्त ४०० ओलांडू नका. तिथे सूत्र चालत नाही आणि लॅबवाले थेट मोजायला घेतात.

दुसरा पंथ आठवडाभर आधी वैराग्य घेणाऱ्यांचा. गोड बंद, भात बंद, रात्री नेहरू पार्काला फेऱ्या. उपाशीपोटीची साखर खरंच खाली येते. या पंथाने एचबीए१सी कटाक्षाने टाळावी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्यात तिला चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. त्यात मावशींकडचं डोहाळजेवणही येतं. ५.७ टक्क्यांना मधुमेहाचा उंबरठा, ६.५ ला घरात.

सकाळी पाणीसुद्धा पिऊ नका. पाण्याला बंदी नसते, पण न प्यायल्याने शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं आणि ‘त्या पोराला काही येत नाही’ असं वर्षभर सांगता येतं. रक्तदाबाची रोजची गोळी घोटभर पाण्याबरोबर सहसा घ्यायची असते, तेव्हा ती विसरा. साखरेची गोळी खाणं होईपर्यंत थांबवायची असते, ती मात्र आठवणीने गिळा. चक्कर आली तर लॅबमध्ये खुर्ची असतेच. वहिनींनी केसांसाठी चालू केलेल्या बायोटिनबद्दल अवाक्षर काढू नका. काही यंत्रांवर त्याने थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि नसलेला थायरॉइडचा आजार सापडतो. दोन दिवस आधी ते बंद ठेवलं असतं तर ही मजा गेली असती.

घरी नमुना न्यायला येणारा मुलगा बोलावणं सर्वांत उत्तम. साध्या नळीतल्या रक्तपेशी साखर खातच राहतात, दर तासाला पाच ते सात टक्के. सुदामानगरात सातला रक्त घेऊन, वाटेत आणखी चार घरं करून तो पलासियाला साडेदहाला पोचला, तर आपली साखर स्कूटरच्या डिकीतच उतरलेली असते, औषधाशिवाय. राखाडी झाकणाची नळी काढली तर मात्र सावध व्हा. तिच्यात फ्लोराइड असतं आणि ते हे खाणं थांबवतं.

जेवणानंतरच्या साखरेला नेहमीचं जेवण जेवायचं आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे. आपण दोन मारी बिस्किटं खावीत आणि पावणेतीन तासांनी रमतगमत जावं.

रक्तदाबाचं तंत्र उलटं आहे. तिथे आकडा वाढलेला चालतो, सबब हवी. म्हणून जिने चढून थेट खुर्चीत बसा. पायावर पाय टाका, हात लोंबता ठेवा, पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधू द्या आणि मोजताना महापालिकेबद्दल बोला. लघवी तुंबलेली असली तर सोन्याहून पिवळं. १६२/९८ आले की ‘डॉक्टरकडे गेलं की वाढतंच माझं’. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजलं असतं तर ही सबब हातची गेली असती. घरी यंत्र तर मुळीच आणू नका. तिथे १३५/८५ ला सुद्धा रक्तदाब म्हणतात.

बायकांच्या तपासण्यांचा विषय सोपा आहे. ‘अगं, तुला काय झालंय? आधी यांचं होऊ दे.’ मग यांचं होतं, सासूबाईंचा मोतीबिंदू होतो, मुलीचं लग्न होतं. गर्भाशयमुखाची व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून करायची साधी तपासणी सरकारी केंद्रात दर पाच वर्षांनी करतात, काही मिनिटांत. कर्करोग व्हायच्या आधीचे बदल त्यात दिसतात आणि ते काढूनही टाकता येतात. इतक्या लवकर कळून करायचं काय?

रिपोर्ट आला की ठळक अक्षरं शोधा आणि केमिस्टला दाखवा. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून खात्री करायची असते, आणि हा नियम मात्र आपण तंतोतंत पाळायचा. पहिल्या लॅबमध्ये १३१ आली की दुसरीकडे जा. तिथे १२८ आली तर तिसरीकडे. तिथे ११८ मिळाली की तीच लॅब इंदूरात सर्वांत चांगली; १०० च्या पुढे तिथेही बॉर्डरलाइन लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. चौथीकडे जाऊ नका, त्यांच्याकडे या महिन्यात एचबीए१सी फुकट आहे.