ग्रीनहाऊस बंद ठेवून गार होत नाही

मार्च संपत आला की नागपुरातल्या गच्चीवर बाग करणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरायला लागतो. यंदाही तो मला चार ठिकाणांहून आला. त्याचा सारांश असा: उन्हाळ्यात घरचं ग्रीनहाऊस चारही बाजूंनी बंद ठेवा, लू (उन्हाळ्यातला तापलेला वारा) आत शिरली नाही की गारवा टिकतो. वर ९० टक्क्यांची, म्हणजे ९० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट टाका. दिवसातून तीन-चारदा आत पाणी मारा. एक एक्झॉस्ट पंखा लावा, हवा खेळती राहते. पावसाळ्या-हिवाळ्यात तर उघडायचं कामच नाही. आणि शेवटी, छताला झडप ठेवू नका, वादळात उडून जाते.

करायला सोपं आहे, म्हणून लोक करतात आणि नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस) यायच्या आत त्यांची रोपं जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

बंद ठेवण्याचा सल्ला आपल्या घरच्या सवयीतून आला आहे. दुपारी अकरानंतर दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, पडदे ओढायचे, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. पण घराच्या भिंती विटांच्या असतात. त्या ऊन अडवतात आणि तापायलाही वेळ घेतात. ग्रीनहाऊसच्या भिंती पन्नीच्या, म्हणजे पातळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या. ऊन थेट आत येतं, माती, कुंड्या आणि पानं तापतात, त्यांना लागून असलेली हवा तापते आणि तिला जायला वाट नसते. आर. डब्ल्यू. वूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ साली हे तपासलं होतं. एका डब्याला काचेचं झाकण, दुसऱ्याला सैंधवाच्या पारदर्शक पाटीचं. काच आतून निघणारी उष्णतेची किरणं अडवते, सैंधव ती बाहेर जाऊ देतं. तरी दोन्ही डबे जवळपास सारखेच तापले, कारण दोन्हींत हवा कोंडलेली होती.

आता आपल्या गच्चीचा हिशेब करू. १० बाय ८ फुटांचं ग्रीनहाऊस म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर जागा. मे महिन्याच्या भर दुपारी दर चौरस मीटरवर हजार वॅटच्या जवळपास ऊन पडतं. म्हणजे सात किलोवॅटच्या आसपास, दोन किलोवॅटचे तीन-चार गीझर एकदम चालू असल्यासारखं. नेटने अर्धं अडवलं तरी उरलेलं कुठे जाणार? बाहेर ४४ अंश असताना बंद पन्नीच्या आत ५० सहज ओलांडतात. लू वाईटच, कोवळ्या रोपांची पानं ती करपवते, तेवढं त्या मजकुरातलं खरं आहे. त्यासाठी पश्चिमेच्या आणि वायव्येच्या बाजूला नेटचा आडोसा करा. वाऱ्याचा जोर मोडतो, पण हवा गाळून आत येते. आडोसा करणं वेगळं आणि डबा बंद करणं वेगळं.

वाट द्यायची ती वर आणि खाली, दोन्हीकडे. गरम हवा छताच्या सर्वांत उंच जागेतून निघाली की तिच्या जागी खालून ताजी हवा येते. नुसत्या बाजूच्या खिडक्या उघडल्या तर डोक्यावरचा तापलेला थर तिथेच बसून राहतो. अंदाज म्हणून जमिनीच्या क्षेत्राच्या १५ ते २० टक्के जागा वर उघडी असावी आणि तेवढीच खाली. आपल्या ८० चौरस फुटांना २० टक्क्यांनी १६ चौरस फूट वर, १६ खाली. पांढरी माशी आत येऊ नये म्हणून तिथे बारीक जाळी लावली असेल, तर उघडी जागा दुपटीपेक्षाही जास्त ठेवा, कारण ती जाळी माशीसोबत हवाही अडवते.

हवा खेळती आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. दुपारी बाराला आत एक उदबत्ती लावा आणि कुंड्यांच्या मध्ये, पानांच्या उंचीला धरा. धूर एका दिशेने वाकून वरच्या झडपेकडे सरकला तर ठीक. सरळ वर जाऊन छताखाली पसरून थांबला, तर तिथे हवा मेलेली आहे. कोपऱ्यांत जरूर पाहा, पंखा लावलेल्या ग्रीनहाऊसमध्येही कोपरे तसेच राहतात.

आणि पंख्याबद्दल. एक्झॉस्ट पंखा हवा ओढतो, पण समोरून येणारी हवा कुठून येणार हे त्या मजकुरात नाही. कूलर चालवताना समोरची खिडकी बंद ठेवली तर खोलीत चिकचिक होते, हे इथे लहान पोराला ठाऊक असतं. इथेही तेच. पंखा पूर्वेला उंचावर, हवा यायची जागा पश्चिमेला खाली. उन्हाळ्यात वारा बहुतेक वायव्येकडूनच असतो, तो पंख्याला मदत करतो. पंख्याचं तोंडच वाऱ्याकडे असेल तर दोघे भांडत बसतात. उन्हाळ्यात मिनिटाला एकदा सगळी हवा बदलली पाहिजे. साडेसात फूट उंची धरली तर आपल्या ग्रीनहाऊसमध्ये ६०० घनफूट हवा आहे, म्हणजे पंखा तासाला साधारण १००० घनमीटरचा लागतो. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळीमागे तो घटतो, म्हणून थोडा मोठाच घ्या. शिवाय एक छोटा पंखा आतल्या आत हवा फिरवायला. त्याने पानं नुसती हलली पाहिजेत, फडफडायला नकोत.

पण एवढं करूनही आतलं तापमान बाहेरच्या खाली जात नाही. वायुवीजनाची मर्यादा ती आहे. त्याखाली उतरायचं तर सावली आणि बाष्पीभवन लागतं, आणि बाष्पीभवनाला पुन्हा वाहती हवा लागते. इथे पाणी मारण्याचा मुद्दा येतो. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर पाण्याने हवा थंड करण्याची शेवटची हद्द साधारण २३ अंश. विदर्भात कूलर इतका चालतो तो यामुळेच. पश्चिमेला वाळ्याची ताटी ओली ठेवून समोरून पंख्याने हवा ओढली, तर ताटीतून आत येणारी हवा तिशीच्या आसपास उतरू शकते. बंद जागेत पाणी मारलं तर मात्र थोड्या वेळात हवा दमट होते, पाणी उडेनासं होतं आणि पानांना स्वतःला गार ठेवता येत नाही. त्यात बोअरचं पाणी असेल तर पानांवर क्षारांचे पांढरे डाग पडतात.

९० टक्क्यांची नेट सावलीतल्या शोभेच्या झाडांना चालेल. टोमॅटो, मिरची, वांगी तिच्याखाली लांबुडकी होतात, फुलत नाहीत. ५० टक्क्यांची पुरते. ती पन्नीच्या वर, हातभर अंतर ठेवून बांधा. आतून लावलेली नेट आतच तापते. माझं स्पष्ट मत विचाराल तर एप्रिल ते पाऊस येईपर्यंत पन्नी काढूनच ठेवा आणि नुसत्या नेटखाली बाग करा.

मानेवाड्यातल्या एका ताईंच्या बंद ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटोची फुलगळ पाहिली. फूल उघडलेलं, पिवळं, निरोगी दिसतं, पण देठाच्या मधल्या गाठीशी पिवळसर वर्तुळ धरतं आणि बोट लावलं की तिथूनच निसटतं. त्यांना आधी खत कमी पडल्याचं सांगण्यात आलं होतं. टोमॅटोच्या फुलातला पराग वाऱ्याच्या किंवा भुंग्यांच्या हलकाव्याने झडतो. बंद जागेत दोन्ही नाहीत, आणि पस्तिशीच्या वर परागच निकामी व्हायला लागतो. यात खत काय करणार?

पावसाळ्यात उघडायचं नाही, हा सगळ्यांत घातक सल्ला. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत पान एकदा ओलं झालं की तासन् तास सुकत नाही, आणि काकडीवरचा केवडा रोग, टोमॅटोवरचा करपा, वाफ्यातली रोपं कोलमडणं हे सगळं त्या ओलाव्यावर पोसतं. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून वरची झडप पूर्वेच्या उताराला ठेवा, पाणी सकाळीच घाला, फिरता पंखा रात्रीही चालू राहू द्या.

हिवाळ्यात रात्री बंद ठेवणं योग्य आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूर ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. पण सकाळी पन्नीच्या आतून थेंब ओघळत असतात, ते पानांवर टपकतात. ऊन आलं की नऊच्या सुमारास उघडा, चारनंतर लावा. बंद जागेत पानं दिवसा कार्बन डायऑक्साइडही संपवत आणतात, मग ऊन असूनही वाढ थांबते.

राहिला वादळाचा मुद्दा. मे महिन्यातल्या संध्याकाळच्या वावटळी इथे खऱ्याच जोरदार असतात. झडपेला दोन्ही टोकांना साखळी आणि आतून अडकवायचा हूक लावा, सांगाडा गच्चीच्या कठड्याला बोल्टने आवळा. ढग दाटून वारा पडला की झडप लावून घ्या. पाऊस ओसरला की लगेच उघडा, कारण तापलेल्या स्लॅबवरून उठणारी वाफ तेव्हाच सर्वांत जास्त आत कोंडते.