बटण दाबा, काही होत नाही, पुढे चला

कोणीतरी सांगा रे मला, सायन्स म्युझियम नक्की कशासाठी काढतात? बाहेर हा मोठ्ठा बोर्ड, ‘हात लावा, करून बघा’, आणि आत निम्म्या मॉडेलांवर चिकटपट्टीने चिकटवलेला कागद, ‘दुरुस्तीसाठी बंद’. त्या कागदावर पण धूळ! आणि जे चालू आहे त्याला पोराने हात लावला की सिक्युरिटीवाल्या काकांची शिट्टी. अहो काका, ते हँडल फिरवायलाच दिलंय ना?

ती फिरती चकती असते बघा, हातात वजनं घेऊन उभं राहायचं, हात छातीशी घेतले की गरागरा स्पीड वाढतो, लांब केले की कमी होतो. भाचा घरापासून त्याच्याच गप्पा मारत होता. उभा राहिला, मी ढकलतेय, ढकलतेय, चकती ढिम्म. नुसतं कर्रर्र. बेअरिंगला जरा ऑइल घालायला काय टेंडर काढावं लागतं का?

पण खरं डोकं फिरलं ते फुकोच्या लंबकापाशी. १८५१ मध्ये फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं. पृथ्वी फिरते म्हणून झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते, तिथे ती पूर्ण फिरायला साधारण ३२ तास लागतात, आपल्या मुंबई-पुण्याकडे तीन दिवसांच्या वर, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ. किती भारी गोष्ट आहे ही पोरांना सांगायला! आणि इथे तो गोळा नायलॉनच्या दोरीने रेलिंगला बांधलेला. का? तर म्हणे, “मॅडम, मुलं धक्का देतात.” मग तिथे एक माणूस उभा करा ना, शिट्टीवाले तर ढिगाने आहेत.

तारांगणाचं तर बोलूच नका. मराठी शो दुपारी एकच, तोही ‘ग्रुप बुकिंग’मध्ये फुल्ल, मग हिंदीला बसलो. चला, तेही ठीक. पण अंधाराला डोळे नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि इथे दर दोन मिनिटांनी कोणीतरी टॉर्च लावून खुर्ची शोधतंय, कोणी घुमटाचा फोटो काढतंय, तोही फ्लॅश मारून!! अरे बाबा, फ्लॅशने तारे दिसत नाहीत, होते ते पण जातात. हे सुरुवातीला माइकवर सांगायला काय जातं?

आणि फिल्म कुठल्या काळातली? ग्रह नऊ! प्लूटोला २००६ मध्ये काढलं त्या यादीतून. शनीला म्हणे अठरा चंद्र, अहो २०२५ मध्ये तो आकडा २७४ वर गेला. भाचा जोरात म्हणाला, “मावशी, हे चूक सांगतायत,” तर पुढच्या बाई वळून त्यालाच “शूऽऽ”, स्वतः इतका वेळ व्हिडिओ कॉलवर होत्या त्या.

पैसे नाहीत हे कारण मला सांगू नका. १९५४ साली पुण्यात टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलने तारांगण सुरू केलं होतं, एका शाळेने! इथे पार्किंगला नवीन पेव्हर ब्लॉक आणि गेटवर एलईडीची कमान करायला बरे पैसे निघाले. शेवटी दुकानात आकाशाचा नकाशा मागितला तर म्हणे संपलाय, डायनासोर घ्या, दोनवर एक फ्री.