ओळखीची नेमणूक आणि परक्याचा चेहरा

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भरतीच्या कामावर मी बरीच वर्षे काढली. तेथे कोणी कोणाचा उघड द्वेष केल्याचे मला आठवत नाही. ‘हा आपल्यात रुळायचा नाही’ एवढे म्हटले की काम भागत असे. मणिपूरहून आलेला एक अभियंता तांत्रिक फेरीत सर्वांत सरस ठरला होता. शेवटच्या फेरीत मात्र त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी झाली आणि तो दाराबाहेर पडताच त्याच्या डोळ्यांवरून विनोदही झाला. जागा मिळाली ती दांडिया बाजारातल्या, आमच्याच एका मराठी अधिकाऱ्याच्या नात्यातील मुलाला. कागदावर कारण पडले: ‘संवादकौशल्य अपुरे’.

वशिला म्हणजे घरगुती खोड आणि वंशभेद म्हणजे परदेशातले पाप, अशी वाटणी आपण सोयीने करून ठेवली आहे. मला ती मान्य नाही, कारण त्या दिवशी एकाला आत घेणारा आणि दुसऱ्याला बाहेर ठेवणारा निर्णय एकच होता.

अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने नोकरीतील वंशभेदाला बंदी घातली. तरीही बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सारख्याच तोलाचे सुमारे ५,००० अर्ज पाठवले, तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा जवळपास ५० टक्के अधिक बोलावणी आली. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे राज्यघटनेचे कलम १६ वंश, जात, धर्म, जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई करते, पण ते सरकारी नोकरीपुरते. खासगी कारखान्यांतील भरतीला सरसकट लागू होईल असा व्यापक कायदा आजही नाही.

बडोदेकरांना तर हे कोणी शिकवायला नको. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली येथे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा नेमणूक दरबारची असूनही कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून फेकत. राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदे सोडले. सयाजीरावांचा अभिमान बाळगणारे आपण मराठी लोक (त्यात मीही आलो) गाडीची वेळ होईपर्यंत ते जिथे बसून राहिले त्या कामाठीबागेपर्यंत ही हकिगत सांगतो, कचेरीतला भाग मात्र घाईने उरकतो.

भेदभाव नेमणुकीपाशी थांबत नाही. रात्रपाळी कोणाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येते, जर्मनीच्या प्रशिक्षणाला कोण जातो, अप्रेझलच्या, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाच्या, आधी साहेबांकडे चहाला कोणाला बोलावणे असते, हे कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही. परप्रांतीय माणूस तक्रार तरी कोणाकडे करणार? तक्रार ऐकणारा बहुधा त्याच चहाच्या बैठकीतला असतो.

‘ओळखीचा माणूस भरवशाचा असतो’ हा युक्तिवाद मी असंख्य वेळा ऐकला आहे. भरवसा पारखण्यासाठी सहा महिन्यांचे प्रोबेशन असतेच, ते अनोळखी उमेदवारालाही द्यावे. पहिल्या छाननीत नाव, आडनाव, छायाचित्र आणि गाव झाकावे. शिफारस कोणाची आहे ते फाइलवर लिहून सही घ्यावी. आणि नकाराचे कारण उमेदवाराला लेखी कळवावे. निदान ‘संवादकौशल्य’ म्हणजे नेमके काय कमी पडले, हे त्या अभियंत्याला विचारता आले असते.