हौस वेगळी आणि फुकट वेगळं

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. आम्ही आठ जण मिळून गेली चार वर्षं विज्ञानकथांचा एक छोटासा दिवाळी अंक काढतो, जाहिराती नाहीत, मानधन नाही, पीडीएफ सगळ्यांना पाठवायची आणि शंभरेक प्रती साताऱ्यात छापून घ्यायच्या, एवढाच कारभार. यंदा एकाने एआयकडून मुखपृष्ठाची सहा चित्रं करून टाकली आणि खाली लिहिलं, ‘दहा मिनिटांत झाली, एक निवडा.’ चित्रं चकाचक होती, यान काय, ग्रह काय, प्रकाश काय. निम्म्या लोकांनी लगेच अंगठे दिले. मी आणि अजून दोघी नाही म्हणालो, तर उत्तर आलं की अगं आपण हौशी माणसं, आपल्या अंकाला कोण विचारतंय, कशाला उगाच चित्रकारांच्या दारात जायचं.

तो ‘हौशी’ शब्द मला फार लागला. आणि का लागला हे सांगायचं तर मी जिथे राहते तिथली गोष्ट सांगायला हवी.

मी नऊ वर्षं उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला आहे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. माझी रोजची बस अप्पर न्यूटाउनार्ड्स रोडवरून जाते. याच रस्त्यावर १७० नंबरच्या घरात वॉल्ट विलिस नावाचा सरकारी नोकर राहायचा, आणि त्याच्या माळ्यावर १९४८ पासून ‘स्लांट’ नावाचं विज्ञानकथांचं एक फॅनझिन छापलं जायचं. फॅनझिन म्हणजे वाचकांनी वाचकांसाठी काढलेला अंक, हा शब्द १९४० मध्ये अमेरिकेत रस शोव्हने नावाच्या एका फॅनने काढला. बाकीचे लोक तेव्हा आपल्याकडच्यासारखं सायक्लोस्टाइल करायचे, विलिसने मात्र हातावर चालणारं छोटं छपाईयंत्र मिळवलं होतं. म्हणजे एकेक खिळा, धातूचं सुटं अक्षर, उचलून जुळवायचा, पान छापायचं, खिळे परत खणात टाकायचे, की पुढचं पान.

आता अशा यंत्रावर चित्र कसं छापणार? ब्लॉक, म्हणजे चित्राचा धातूचा ठसा, करून घ्यायला पैसे लागतात. तर जेम्स व्हाइट नावाचा पोरगा, विशीतला, तो लिनोलियमच्या, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या जाड तक्त्याच्या, तुकड्यांवर चित्रं कोरून त्याचे ठसे करून द्यायला लागला. हा व्हाइट कपडे शिवणाऱ्या दुकानांत नोकरी करायचा, १९४३ पासून, म्हणजे पंधराव्या वर्षापासून. त्याला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं पण घरची परिस्थिती नव्हती. दिवसभर कापड, आणि संध्याकाळी विलिसच्या माळ्यावर यानं आणि परग्रहवासी. तो ‘स्लांट’चा कलासंपादक झाला.

लिनो कोरणं म्हणजे काय हे मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. इथल्या एका प्रिंट वर्कशॉपला मी शनिवारी जायला लागले तेव्हा कळलं. लिनो थंडीत दगडासारखा होतो, तो आधी हीटरवर ठेवून मऊ करायचा. जे कोराल ते पांढरं राहणार, जे ठेवाल ते काळं. आणि सगळं उलटं. पहिल्या दिवशी मी ‘अ’ कोरला, छान गोलाई आली म्हणून खूश होते, कागद उचलला तर ‘अ’ आरशात बघितल्यासारखा, काना डावीकडे. एकदा हत्यार निसटलं की रेघ गेली ती गेली, खोडरबर नाही. हाताच्या तळव्याएवढ्या चित्राला माझे दोन शनिवार गेले. व्हाइट हे दिवसभर दुकानात उभं राहून आल्यावर करत होता, आणि एक दमडी मिळत नव्हती.

आता मुद्दा इथेच आहे. दमडी कोणालाच मिळत नव्हती. अंक हवा असेल तर पत्र लिहा, किंवा तुमचं फॅनझिन बदल्यात पाठवा, किंवा चित्र-लेख द्या, हा तिथला व्यवहार, ‘द युज्वल’ म्हणतात त्याला. पैसे देऊन विकत घेणारा तिथे सगळ्यात कमी महत्त्वाचा माणूस. अमेरिकेतल्या फॅन लोकांनी तर १९५२ मध्ये आपापसात वर्गणी काढून विलिसला शिकागोच्या विज्ञानकथा संमेलनाला नेलं, कधी तोंड न बघितलेल्या माणसाला, फक्त त्याचं लिहिणं वाचून. त्यातूनच पुढे मतदान घेऊन एखाद्या फॅनला अटलांटिकपलीकडे पाठवायचा फंड सुरू झाला, टाफ, आणि १९६४ मध्ये आर्थर थॉमसन हा फॅन आर्टिस्ट त्यावर अमेरिकेला गेला. नुसती फॅनझिनमधली रेखाचित्रं काढणारा माणूस. ‘ॲटम’ अशी सही करायचा तो आणि सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर टोकदार सळईने थेट रेघ ओढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारात १९६७ पासून फॅन आर्टिस्टचा वेगळा विभाग आहे. हौशी म्हणजे अजून न पोचलेला, हे तिथे कोणाच्या डोक्यातच नाही.

आपल्याकडे विज्ञानकथा वेगळ्या वाटेने आली. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, तिच्या कथास्पर्धा, आणि १९७४ मध्ये नारळीकर सरांनी नारायण विनायक जगताप या नावाने तिथे कथा पाठवून बक्षीस मिळवलं ती गोष्ट तर आपल्या घराघरात सांगितली जाते. मला त्याचा अभिमानच आहे, शाळेत असताना त्या कथा वाचूनच मी सायन्सला गेले. पण स्पर्धा म्हटली की परीक्षक आले, निकाल आला, आणि वाचक टाळ्या वाजवायला उरला. वाचकाने वाचकाला लिहायचं, भांडायचं, चित्र काढून पाठवायचं, हे आपल्याकडे विज्ञानकथेत रुजलंच नाही असं मला वाटतं.

आणि तरी आपल्याकडे नव्हतंच असंही म्हणवत नाही. लघुअनियतकालिकवाल्यांनी, म्हणजे छोटे बंडखोर साहित्यिक अंक काढणाऱ्यांनी, सायक्लोस्टाइलवरच अंक काढले ना. आणि शाळेतलं हस्तलिखित? आमच्या शाळेत दरवर्षी निघायचं, एकच प्रत, कार्डशीटची पानं, रिबिनीने बांधलेली, कॅमलच्या पोस्टर कलरने काढलेली चित्रं. ती ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात असायची आणि हात स्वच्छ धुवून या असं बाई सांगायच्या. आमच्या वर्गातला एक मुलगा, एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही, त्याने आठवीत त्यात मंगळावरचा एसटी स्टँड काढला होता. त्या चित्रामुळे तो आमच्यात आला, आणि आज अंक काढणाऱ्या आठ जणांत तो आहे.

इथलं सगळं भारी आणि आपलं सगळं वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. विलिसकडे पक्की सरकारी नोकरी होती, माळा होता, मॅडलीनसारखी बायको होती जिच्या हातचं खायला सगळे जमायचे. डोंबिवलीहून रोज लोकलने जाऊन येणाऱ्याला लिनो कोर म्हणून सांगणं सोपं नाही. आणि आपल्याकडे हौसेच्या नावावर काय चालतं तेही मला माहीत आहे. पुण्यातल्या माझ्या एका चित्रकार मित्राकडून एका दिवाळी अंकाने अकरा चित्रं घेतली, अंकात पानोपानी सोनारांच्या आणि बिल्डरांच्या जाहिराती, आणि पैसे विचारल्यावर म्हणे नाव छापलंय की तुमचं. याला हौस म्हणत नाहीत. जिथे कोणीतरी कमावतोय तिथे चित्रकाराला पैसे मिळालेच पाहिजेत आणि वेळेवर मिळाले पाहिजेत. जिथे कोणीच कमावत नाही तिथेच हौस. ग्रुपवर या दोन्हीची गल्लत झाली, म्हणजे चित्रकाराला फुकट राबवायला नको म्हणून एआय, असं. पण आमच्या अंकात फुकट तर सगळेच राबतात, मग एकट्या चित्रकारालाच बाहेर का ठेवायचं?

माझं यंत्राशी वैर नाही, सायक्लोस्टाइलही यंत्रच होतं. मला काळजी आहे ती त्या जागेची. व्हाइट ज्या माळ्यावर लिनो कोरत होता, जिथे पुढे विज्ञानकथालेखक झालेला बॉब शॉ होता, पुठ्ठ्याच्या बॅटी करून घूडमिंटन नावाचा त्यांचा स्वतःचा दंगामस्तीचा खेळ चालायचा, त्याच माळ्यावर व्हाइट लेखक झाला. जानेवारी १९५३ मध्ये त्याची पहिली कथा छापून आली, आणि १९५७ पासून त्याने अंतराळातल्या एका अवाढव्य हॉस्पिटलच्या कथा लिहिल्या, जिथे वाट्टेल त्या ग्रहावरचा, वाट्टेल त्या आकाराचा जीव आला तरी त्याच्यावर उपचार होतात. डॉक्टर व्हायचं राहून गेलेल्या शिंप्याने लिहिलेल्या. व्हाइट कॅथलिक, विलिस प्रोटेस्टंट, आणि शहर बेलफास्ट, जिथे या दोन पंथांचं जुनं वैर. ऑगस्ट २०२४ मध्ये इथे बाहेरून आलेल्यांच्या दुकानांवर हल्ले झाले तेव्हा आम्ही चार दिवस एकटीने बाहेर पडत नव्हतो, कामावरही दोघी-दोघी जायचो, तेव्हा रात्री मी त्याच्या हॉस्पिटलच्या कथा वाचत होते.

विलिस आणि व्हाइट दोघंही १९९९ मध्ये गेले. ‘स्लांट’ला १९५३ सालच्या कामासाठीचा रेट्रो ह्यूगो, म्हणजे जुन्या वर्षासाठी मागाहून दिलेला ह्यूगो, २००४ मध्ये मिळाला, विलिसच्या बरोबरीने कलासंपादक म्हणून व्हाइटचं नाव आहे त्यावर.

आमच्या ग्रुपमध्ये आता सगळे चाळिशीपलीकडचे आहेत. चार वर्षांत एकही नवीन माणूस आलेला नाही. लिहायला सांगितलं तर पोरं बुजतात, पण चित्र काढशील का विचारलं तर हात वर होतो, ती एकच जागा आमच्याकडे रिकामी होती आणि तीच आम्ही दहा मिनिटांत भरून टाकत होतो. मी ग्रुपवर हेच लिहिलं, जरा लांबलचक. कोणी लगेच काही बोललं नाही. मग मंगळावरचा एसटी स्टँड काढणाऱ्याने रात्री उशिरा एक फोटो टाकला, त्याच्या भाचीचं वहीच्या पानावरचं चित्र, नववीत आहे ती. अजिंक्यताऱ्यावर उतरलेलं यान, पायथ्याशी चार म्हशी, आणि एक म्हैस यानाकडे वळून बघतेय. मला तिची मान फार आवडली. तिला विचारून घे, मी कोरून देते, असं मी त्याला कळवलंय. लिनो आणून ठेवलाय. म्हैस उजवीकडे बघतेय, म्हणजे मला ती डावीकडे बघणारी कोरायला लागेल.