अंगाई ओरडून गायची असते का?

नमस्कार. ‘एक जुना श्रोता’ एवढंच नाव तुम्ही लिहिलंय, म्हणून तेवढ्यावरच भागवतो. अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनच्या ‘समरटाइम’वरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुम्ही म्हणता, “ही अंगाई आहे. बाईंचं ऐकून झोपलेलं पोर दचकून उठेल. बिली हॉलिडेचं मूळ गाणं जाझचं आहे, त्याला रॉकवाल्यांनी हात लावायचं कारण नव्हतं. उद्या कोणी नाट्यपदाला ड्रम लावले तर त्याचंही असंच कौतुक कराल का?”

आधी माझी चूक. ‘बिली हॉलिडेचं मूळ गाणं’ हे शब्द तुम्ही माझ्याच लेखातून उचललेत आणि ते चुकीचे आहेत. आज दुरुस्त केले. ‘समरटाइम’ मुळात जाझचं नाहीच, ते ऑपेरातलं गाणं आहे. चाल जॉर्ज गर्शविनची, शब्द ड्यूबोस हेवर्डचे, ऑपेरा ‘पोर्गी अँड बेस’, साल १९३५. क्लारा नावाची कोळ्याची बायको मांडीवरच्या बाळाला ते म्हणते. पहिली क्लारा होती अॅबी मिचेल, आणि त्याच वर्षीच्या जुलैमधल्या तालमीचं, खुद्द गर्शविनच्या देखरेखीखालचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते जरूर ऐका. उंच, शिकवलेला सोप्रानो आवाज, आणि जाझमधला तो झोका औषधालाही नाही. ‘मूळ’च जपायचं, तर ते हे. मग बिलीबाईंनाही बाहेर काढावं लागेल.

कारण या जाझ गायिकेने काय केलं पाहा. १९३६ चा जुलै, ऑपेरा येऊन वर्षही झालेलं नाही, बाई एकवीस वर्षांच्या. लय चांगली वाढवलेली. बनी बेरिगनचा ट्रंपेट चक्क गुरगुरतो, आर्टी शॉचं क्लॅरिनेट मधूनमधून डोकावतं. त्यावर नाचता येईल, पोर झोपवता येणार नाही. तेव्हाच्या एखाद्या ऑपेरा-रसिकाने तुमच्यासारखंच पत्र लिहिलं असतं, तर त्याचंही फारसं चुकलं नसतं!

जाझवाले सगळेच वाजवतात अशा ‘समरटाइम’सारख्या गाण्याला ‘स्टँडर्ड’ म्हणतात. पण ‘स्टँडर्ड’ म्हणजे नेमकं काय, इथेच आपली फारकत होते. तुम्ही तो दागिना समजता, जपून ठेवायचा. वादकांच्या लेखी तो बंदिशीसारखा असतो. ओळी ठरलेल्या, पुढे ज्याचा त्याचा विस्तार. ‘समरटाइम’ तर जेमतेम सोळा बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या सोळा खंडांत, आटपतं. पेटीवर वाजवून बघा. पंचम, कोमल गंधार, परत पंचम अशी सुरुवात. पुढेही सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद एवढ्यावरच सारा कारभार. आपल्या कानाला धानीची आठवण यावी असा. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तेवढा एक रिषभ येतो, आणि चाल तिथे क्षणभर अधांतरी लटकते. इतकं साधं असल्यामुळेच ते कोणालाही आपलं करता येतं.

आता तो ओरडा. माझ्या मते तुमचा खरा आक्षेप हाच आहे, बाकीचे त्याला टेकू. पण ओरडा जॅनिसच्या आधीच या गाण्यात शिरला होता. जॉन कोल्ट्रेनने १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ‘समरटाइम’ ऐका, सॅक्सोफोनवर सुरांचा नुसता धबधबा आहे. आल्बर्ट आयलरने १९६३ च्या जानेवारीत कोपनहेगनला ते वाजवलं, तेव्हा त्याचा सॅक्सोफोन हंबरतो, किंचाळतो, हुंदके देतो. दोन्ही जाझच्या दरबारात मानाच्या जागी बसली आहेत. किंकाळी पितळी नळीतून आली तर ती अभिव्यक्ती, आणि टेक्ससच्या पोर्ट आर्थर गावातल्या जॅनिसच्या गळ्यातून आली तर आरडाओरडा? तुम्ही ज्याच्यावर जीव टाकता त्या सॅक्सोफोनवादक सिडनी बेशेचीच तबकडी पुन्हा लावा. १९३९ ची, ब्लू नोट कंपनीची. तो रुंद, थरथरता कंप शांत आहे असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाल?

हे सगळं झालं वकिली उत्तर. खरं कारण वेगळं आहे.

या अंगाईत आई बाळाला सांगते की बाप श्रीमंत आहे, आई देखणी आहे, तुला कोणीही काही करू शकत नाही, रडू नकोस. बाप जेक गरीब कोळी आहे, म्हणजे पहिलीच थाप. पुढे वादळ येतं. जेक समुद्रात असतो, क्लारा बाळाला ऑपेराची नायिका बेस हिच्या हाती देऊन त्याच्यामागे धावते, आणि दोघंही परत येत नाहीत. तिसऱ्या अंकात तीच अंगाई बेस त्या पोरक्या बाळाला म्हणते. चाल तीच, शब्द तेच, पण खोटं ठरलेलं वचन आता दुसऱ्याच बाईच्या तोंडी. ऑपेरा पाहिलेल्याला हे गाणं नुसतं गोड वाटूच शकत नाही. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनने हे केव्हाच ओळखलं होतं. १९५६ च्या तबकडीत तिने ‘समरटाइम’ला आईविना पोराच्या जुन्या आध्यात्मिक गीतात असं विणलं आहे की सांधा सापडत नाही.

आता १९६८ च्या ‘चीप थ्रिल्स’ या अल्बममधली जॅनिस घ्या. सुरुवातीला दोन गिटारी एकमेकींभोवती वेलीसारख्या चढतात. तिच्या बँडमधल्या गिटारवादक सॅम अँड्र्यूने तो भाग जर्मन संगीतकार बाखच्या सी मायनर प्रिल्यूडवरून बेतला होता. रॉकवाल्यांनी मोडतोड केली म्हणता, पण गाण्याखालचा पाया त्यांनी नव्याने बांधला आहे. मग ती येते. आवाज कातरलेला, एकाच वेळी दोन सूर निघाल्यासारखा. पहिली ओळ जवळजवळ कुजबुज. ओरडा लगेच येत नाही हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही, म्हणून मला शंका आहे की तुम्ही शेवटचं मिनिटच ऐकलंत. शेवटी ‘नाही, नाही, नाही’ असं कितीतरी वेळा म्हणत ती ‘रडू नकोस’वर येते. स्वतः रडत असताना दुसऱ्याला गप्प करणारं माणूस तुम्ही कधी पाहिलं असेल. मला ती क्लारा वाटत नाही, तिसऱ्या अंकातली बेस वाटते. जॅनिसने ऑपेरा पाहून हे ठरवलं असं मी म्हणत नाही. गाण्यातच ते होतं.

नाट्यपदांचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते तुमच्यावरच उलटतं. ‘स्वयंवर’ची किती पदं भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या चिजांवरून बांधली! १९१६ साली ती बालगंधर्वांच्या तोंडी ऐकताना कोणी ‘चिजेचं नाटक केलं’ म्हणून नाक मुरडलं असेल, तर आज त्याची बाजू घ्यायला तुम्ही जाणार नाही. ड्रम लावले म्हणून मी कौतुक करणार नाही, आणि लावले म्हणून नावंही ठेवणार नाही.

एका ठिकाणी मात्र तुमच्याशी सहमत. सब्लाइम या अमेरिकन बँडने १९९६ मध्ये या चालीवर प्रेयसीबद्दलच्या तक्रारींचं गाणं बांधलं, बासरीवादक हर्बी मानच्या ‘समरटाइम’चा तुकडा खाली ठेवून. गायिका लाना डेल रेने २०१९ मध्ये ते पुन्हा गायलं. ऐकायला झकास, गाडीत मीही लावतो. पण त्यात ना बाळ आहे, ना वचन. चाल तेवढी उरली आहे, भाडेकरू बदललेल्या घरासारखी. ‘नवं रूप’ या शब्दाखाली मी लेखात जॅनिसचं आणि हे, दोन्ही गाणी एकाच टोपलीत टाकली होती, ते चुकलंच.

आणि गाणं कोणाचं, हा प्रश्न. गोऱ्या मुलीने काळ्यांचं गाणं घेतलं, असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत. हा प्रश्न खरा आहे, पण तो जॅनिसपाशी सुरू होत नाही. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला संगीतकार, चार्ल्स्टनचा गोरा लेखक, रंगमंचावर कृष्णवर्णीय कलाकार, अशी या गाण्याची जन्मकुंडली आहे. १९३५ पासून त्यावर वाद चालू आहे. जॅनिसला धरायचं तर गर्शविनलाही धरा, मग बसू निवांत बोलत.

राहता राहिला बाळ दचकण्याचा मुद्दा. बहिणीच्या सहा महिन्यांच्या मुलावर प्रयोग केला. एला फिट्झजेरल्ड आणि लुई आर्मस्ट्राँगच्या १९५७ च्या ध्वनिमुद्रणावर साहेब दोन मिनिटांत झोपले. जॅनिस लावली तर डोळे टक्क उघडे, ओठ वळलेले. बहिणीने फोन काढून घेतला. हा गुण तुमचा.