गल्फ स्ट्रीमचे तुकडे पडलेले नाहीत

सांगलीतल्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर लाल-निळ्या गोळ्यांचं एक चित्र फिरतंय. खाली मजकूर : ‘गल्फ स्ट्रीम तुटला, यंदा कृष्णेला महापूर पक्का!’ गल्फ स्ट्रीम म्हणजे अटलांटिक महासागरात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत वाहणारा गरम पाण्याचा मोठा प्रवाह. त्यात असे गोळे खरेच दिसतात. अर्थ मात्र साफ चुकीचा लावलाय.

ते गोळे म्हणजे भोवरे. अमेरिकेचा किनारा सोडला की हा प्रवाह नागमोडी होतो. एखादं वळण फार वाढलं की स्वतःवरच मिटतं आणि कडं होऊन सुटतं. उत्तरेला सुटलेल्या कड्याच्या पोटात गरम पाणी, दक्षिणेला सुटलेल्याच्या पोटात गार, म्हणून लाल-निळं. ही कडी १०० ते ३०० किलोमीटर रुंद असतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. हे कायमच चालतं. आयर्विन पुलावरून पुराचं पाणी बघा, खांबामागून भोवरे सुटतच असतात. म्हणून कृष्णा तुटली असं कोण म्हणतं? (समुद्रात तर खांबही लागत नाही.)

कड्यांच्या काठाला १ ते १० किलोमीटरचे बारीक पदर असतात, काही तासांत किंवा दिवसांत विरणारे. तिथे पाणी खालीवर होतं, खोलातली पोषकद्रव्यं उजेडात येतात, सूक्ष्म शैवाल फोफावतं. खरी गंमत ही, पण ती फॉरवर्ड कोण करणार!

प्रवाह मंदावण्याची जी चर्चा ऐकता, ती अटलांटिकमधल्या खोलवरच्या उलथापालथीची, म्हणजे वरचं पाणी गार होऊन खाली बुडतं आणि खोलातून परत फिरतं त्या चक्राची. गल्फ स्ट्रीम मुख्यतः वारे आणि पृथ्वीचं फिरणं यांवर चालतो. पुरासाठी कोयनेचा विसर्ग आणि वारणेची पातळी बघा.